लॉनमधली कीड आणि तण: औषध आणण्याआधी काय बघायचं?

लॉनमध्ये फूटभर रुंदीचा पिवळा डाग दिसला, की बहुतेक जण तडक कीटकनाशक आणून फवारतात. आठ-दहा दिवसांत डाग आणखी पसरतो आणि मग दुसरं, जास्त जहाल औषध येतं. पैसा जातो, मातीतले उपयोगी जीव मरतात आणि डाग तसाच राहतो. पाणी कमी पडलं तरी गवत पिवळं होतं, मुळाशी अळी लागली तरी होतं, बुरशी आली तरी होतं. खत एकाच जागी जास्त पडलं तरी होतं आणि कुत्रं रोज त्याच जागी लघवी करत असलं तरी होतं. या पाचांपैकी एकाच कारणावर कीटकनाशकाचा उपयोग आहे. म्हणून या लेखात औषधांच्या नावांपेक्षा ओळखण्यावर जास्त भर दिला आहे. कीड कोणती, तण कोणतं आणि ते सध्या वाढीच्या कोणत्या टप्प्यावर आहे, हे कळलं तर बरीचशी फवारणी लागतच नाही. जी लागते ती वेळेवर होते.

डाग तपासायचा कसा?

डागाच्या कडेला, जिथे पिवळं आणि हिरवं गवत भेटतं, तिथलं गवत मुठीत धरून वर ओढा. मध्यभागी बघून फारसं हाती लागत नाही, कारण तिथलं गवत संपवून कीड केव्हाच बाहेरच्या बाजूला सरकलेली असते. गवत मुळांशिवाय अलगद हातात आलं, तर खाली हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, असण्याची दाट शक्यता आहे. गवत घट्ट रुतलेलं आहे पण पाती कुरतडलेली आहेत, तर पानं खाणाऱ्या अळ्या. पाती अख्खी आहेत, मुळंही शाबूत आहेत आणि तरी गवत वाळलंय, तर पाण्याची ओढ किंवा रस शोषणारे ढेकूण. पात्यांवर गडद कडांचे ठिपके असले, किंवा बोटाला नारिंगी भुकटी लागली, तर ती बुरशी. ही नारिंगी भुकटी म्हणजे तांबेरा.

डागाचा आकारही बरंच सांगतो. सरळ रेषेत, पट्ट्यापट्ट्यांनी गवत जळलं असेल तर कारण बहुधा माणसाच्या हातचं असतं: खत टाकताना एकाच पट्ट्यावरून दोनदा फिरलेला हात, मॉवरमधून सांडलेलं इंधन, एका बाजूला न पोचणारा स्प्रिंकलर. कीड अशी रेघ ओढून चालत नाही. गोल डाग आणि त्याभोवती गर्द हिरवं कडं दिसलं, तर कुत्र्याची लघवी. तिच्यातला नायट्रोजन आणि क्षार मध्यभागी इतके जास्त होतात की गवत करपतं आणि कडेला तोच नायट्रोजन बेताने मिळून खताचं काम करतो. यावर उपाय एकच, लगेच त्या जागी भरपूर पाणी ओतणं. सगळ्या लॉनवर सारखीच पांढुरकी-तपकिरी झाक दिसत असेल तर पात्यांची टोकं नीट बघा. टोकं चिंधडल्यासारखी फाटलेली असली तर मॉवरचं पातं बोथट झालंय, त्याला धार लावा.

हुमणी

लॉनचं सर्वांत मोठं नुकसान जमिनीखाली राहणारी ही अळी करते. ती भुंगेऱ्याची पिल्लावस्था. रंग मळकट पांढरा, डोकं तपकिरी, छातीशी पायांच्या तीन जोड्या आणि हातात घेतली की इंग्रजी सी अक्षरासारखी वळून पडून राहते. शेणखताच्या किंवा कंपोस्टच्या ढिगात अशाच दिसणाऱ्या काही अळ्या कुजलेला पालापाचोळा खाऊन जगतात, त्यांचा गवताला त्रास नाही. लॉनखालची हुमणी मात्र जिवंत मुळं खाते. मुळं गेली की वरचं गवत सतरंजीसारखं गुंडाळता येतं.

तिचा बंदोबस्त करायचा तर तिचा वर्षभराचा क्रम माहीत हवा. बऱ्याच जातींचे भुंगेरे उन्हाळ्यात किंवा पाऊस सुरू होताना जमिनीतून बाहेर पडतात आणि ओलसर मातीत काही सेंटीमीटर खोल अंडी घालतात. साधारण दोन आठवड्यांत अंडी फुटतात. सुरुवातीची अळी अगदी बारीक, वरच्या थरात राहणारी आणि नाजूक असते. पुढे ती दोनदा कात टाकते आणि शेवटच्या अवस्थेत तिची भूक सर्वांत मोठी असते. थंडी पडली किंवा माती कोरडी झाली की ती खोल जाते. आपल्या डोळ्यांना डाग दिसतो तो या शेवटच्या अवस्थेत. तोवर अळी जाड झालेली असते आणि मुळांच्या दाट जाळ्यातून झिरपून खाली पोचणाऱ्या थोड्याशा औषधाला ती दाद देत नाही. औषध खराब होतं म्हणून फवारणी फसते असं नाही, ते उशिरा पडतं.

त्यामुळे शंका आली की खणून बघा. एक फूट लांब, एक फूट रुंद चौकोन घ्या, त्याच्या तीन बाजू कुदळीने कापा आणि चौथ्या बाजूवर गवताचा तुकडा मागे उलटा. वरची पाच-सात सेंटीमीटर माती हाताने चाळा आणि अळ्या मोजा. दोन-चार मिळाल्या तर काही करू नका. निरोगी, नीट पाणी मिळालेलं गवत तेवढं नुकसान सहज भरून काढतं. आकडा दहाच्या जवळ गेला तर उपाय हवा. अशा दोन-तीन जागा तपासून मग ठरवा, कारण हुमणी सगळीकडे सारखी पसरलेली नसते. तपासून झालं की तुकडा परत बसवून पायाने दाबा आणि पाणी द्या, तो पुन्हा मूळ धरतो.

उपायांमध्ये मला सर्वांत जास्त विश्वास वाटतो तो सूत्रकृमींवर. हेटेरोऱ्हॅब्डायटिस नावाचे हे अतिसूक्ष्म कृमी मातीतल्या ओलाव्यातून वाट काढत अळीच्या शरीरात शिरतात आणि आपल्या पोटातले जिवाणू तिथे सोडतात. अळी दोन-तीन दिवसांत मरते. मेलेल्या अळीचा रंग विटकरी लाल झालेला दिसला, की काम झालं असं समजावं. हे कृमी जिवंत असतात, म्हणून त्यांना सांभाळायला लागतं. पाकिटावरची मुदत बघा, सावलीत गार जागी ठेवा. आदल्या दिवशी लॉनला पाणी द्या, ऊन उतरल्यावर संध्याकाळी शिंपडा आणि वरून पुन्हा पाणी द्या. कोरड्या मातीत भर दुपारी टाकले तर उन्हाने तासाभरात संपतात आणि मग लोक म्हणतात की जैविक उपाय कुचकामी.

दुसरा उपाय पाणी कमी करण्याचा. अंडी मातीतला ओलावा शोषूनच वाढतात. तुमच्या भागात भुंगेरे कधी उडतात हे माहीत असेल आणि त्या काळात पाऊस नसेल, तर तेव्हा लॉनला जरा तहानलेलं ठेवलं की बरीच अंडी वाळून मरतात. गवत थोडं निस्तेज दिसेल, पण पाणी दिल्यावर सावरतं.

रसायन वापरायचंच ठरवलं, तर ते अंडी फुटण्याच्या सुमारास, बारीक अळीवर वापरायचं. इमिडाक्लोप्रिड हे यासाठी बरंच वापरलं जातं, पण ते झाडात भिनतं आणि फुलांतून मधमाश्यांपर्यंत पोचतं. युरोपीय संघाने २०१८ मध्ये इमिडाक्लोप्रिडसह तीन निओनिकोटिनॉइड औषधांचा उघड्यावरचा वापर बंद केला, तो याच काळजीपोटी. लॉनमध्ये फुललेलं तण असेल तर असं औषध टाकण्याआधी फुलं कापून टाकणं हे आपलं किमान कर्तव्य आहे. क्लोरँट्रानिलीप्रोल मधमाश्यांना खूपच कमी घातक आहे. ते मातीत हळू मुरतं, म्हणून थोडं आधी टाकावं लागतं.

पानं खाणाऱ्या अळ्या आणि बाकीची मंडळी

लष्करी अळी आणि तिच्या भाऊबंदांना शोधायची सोपी युक्ती आहे. चार लिटर पाण्यात भांडी घासायचा पातळ साबण दोन मोठे चमचे मिसळा आणि डागाच्या कडेला साधारण एक मीटर लांब-रुंद जागेवर हळूहळू ओता. अळ्या असतील तर दहा मिनिटांत वळवळत वर येतात. डोक्यावर उलट्या वाय अक्षरासारखी फिकट खूण दिसली तर ती अमेरिकन लष्करी अळी. हुमणी मात्र या साबणाने वर येत नाही, तिच्यासाठी खणायलाच हवं.

या अळ्या पहाटे आणि सांजवेळी खातात, दुपारी गवताच्या बुडाशी लपून बसतात. म्हणून फवारणी संध्याकाळची. लहान अळ्यांवर बीटी, म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं औषध चांगलं चालतं. ते पानाबरोबर पोटात गेलं तरच काम करतं आणि माणसाला, पाळीव प्राण्यांना, मधमाश्यांना त्याचा त्रास नाही. अळी बोटभर मोठी झाल्यावर मात्र बीटीचा फारसा उपयोग नाही. आणि अळ्यांनी लॉन पार भुंडा केला तरी घाबरू नका. गवताचा वाढीचा कोंब बुडाशी, मातीलगत असतो आणि तो बहुधा वाचतो. नीट पाणी मिळालं तर गवत पुन्हा फुटतं.

चिंच बग हा रस शोषणारा बारीक ढेकूण सेंट ऑगस्टिन गवतावर जास्त येतो, तोही उन्हातल्या कोरड्या कडांना. दोन्ही बाजू कापलेला पत्र्याचा डबा गवतात दाबून त्यात पाणी भरा, पाच-दहा मिनिटांत ढेकूण तरंगून वर येतात.

मुंग्या गवत खात नाहीत. चावणाऱ्या जातीची वारुळं मुलं खेळतात तिथे असली तरच त्यांच्या मागे लागा. गांडुळांनी वर टाकलेले मातीचे गोळे पाहून औषधाचा विचारही करू नका. ते वाळले की झाडूने पसरवून द्या, त्यासारखं खत नाही.

तण का येतं?

मातीत तणाचं बी असतंच, वर्षानुवर्षं. ते उगवतं ते ऊन मातीपर्यंत पोचलं की. बऱ्याच बारीक बियांना रुजण्यासाठी प्रकाशाचा इशाराच लागतो. गवत दाट आणि पुरेसं उंच असेल तर तो इशारा मिळत नाही. लॉन अगदी बुडापर्यंत कापायची हौस म्हणजे तणाला आमंत्रण, आणि हे मी आग्रहाने सांगतो, कारण लॉनमध्ये एवढी एक गोष्ट सुधारली तरी तणाचं प्रमाण डोळ्यांना दिसेल इतकं उतरतं.

किती उंच ठेवायचं हे जातीवर आहे. हरळीच्या, म्हणजे बर्मुडाच्या लॉनला अडीच ते चार सेंटीमीटर चालतं. सेंट ऑगस्टिन किंवा उंच फेस्क्यूला ७ ते १० सेंटीमीटर लागतं. जात कोणतीही असो, एका कापणीत पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. जास्त कापलं की गवत मुळांतला साठा मोडून पानं फुटवतं आणि मुळं आखडतात.

पाण्याचंही तसंच. रोज थोडंथोडं शिंपडलं की वरचा एक-दोन सेंटीमीटर थर सतत ओला राहतो आणि तणाच्या रोपांना नेमकं तेच हवं असतं. त्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा, माती १० ते १५ सेंटीमीटर भिजेल असं द्या. लांब स्क्रूड्रायव्हर जमिनीत खुपसून बघा, तो सहज जिथवर जातो तिथवर ओल पोचलीय. पाणी देऊनही तो आत जातच नसेल तर माती दाबली गेलीय. पायवाटेसारख्या तुडवलेल्या भागात तीच तीच तणं परत परत येतात, कारण दबलेल्या मातीत ती तग धरतात आणि लॉनचं गवत धरत नाही. तिथे तणनाशकाआधी पोकळ दात्यांच्या अवजाराने मातीला भोकं पाडून हवा खेळती करायला हवी.

लव्हाळा

लॉनचा खरा कस लव्हाळा बघतो. जगातल्या सर्वांत त्रासदायक तणांत त्याची गणना होते. कापणी करून दोन दिवस झाले नाहीत तोच बाकीच्या गवतावर मान काढून उभी राहिलेली, चकाकणारी गडद हिरवी पाती दिसली, तर बहुधा तोच. खात्री करायला दांडा चिमटीत धरून फिरवा. गवताचा दांडा गोल किंवा चपटा लागतो, लव्हाळ्याच्या तीन कडा बोटांना जाणवतात. ही ओळख महत्त्वाची, कारण लव्हाळा गवतही नाही आणि रुंद पानांचं तणही नाही. त्या दोन्हींसाठीची नेहमीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत.

त्याची ताकद जमिनीखालच्या गाठींत आहे. बारीक दोऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या या गाठींवर प्रत्येकी अनेक डोळे असतात. एक डोळा फुटून वर आला की तो बाकीच्यांना दाबून ठेवतो. आपण वरचं रोप खस्सकन उपटतो, दोरा तुटतो, गाठ खालीच राहते आणि दबलेले डोळे जागे होतात. एकाच्या जागी दोन-तीन येतात. बरेच लोक इथेच हात टेकतात.

तरीही उपटणं चुकीचं नाही, फक्त ते नेमाने व्हायला हवं. नवं रोप पहिले काही आठवडे गाठीतल्या साठ्यावर जगतं आणि त्यानंतर स्वतः नव्या गाठी धरू लागतं. म्हणून चार-पाच पानांवर असतानाच, दर आठवड्याला, खुरप्याने शक्य तितक्या खोलवरून काढत राहा. प्रत्येक वेळी गाठीला पदरचा साठा खर्चून नवी फूट काढावी लागते आणि भर पडत नाही. याला एक हंगाम पुरत नाही. सोबत पाणी कमी करा, निचरा सुधारा आणि गवत दाट होऊ द्या. लव्हाळ्याला सावली मानवत नाही. काळं प्लास्टिक अंथरून तो मरेल अशी आशा धरू नका, त्याचे सुईसारखे कोंब प्लास्टिक भोसकून वर येतात. क्षेत्र मोठं असेल तर हॅलोसल्फ्युरॉनसारखं खास लव्हाळ्यावर चालणारं तणनाशक आहे. ते सावकाश काम करतं, काही आठवड्यांनी दुसरी फवारणी लागते, आणि ते आपल्या गवताच्या जातीला चालतं का हे आधी लेबलवर पाहायचं. नवी माती किंवा कुंडीतलं रोप आणताना मातीत काळसर गाठी आहेत का हेही बघा, तो बहुतेक असाच घरात येतो.

केना, घोळ, आंबुशी, दुधी, गाजरगवत

केन्याची निळी फुलं सुंदर दिसतात, पण जमिनीखालीही तो फुलं धरतो. ही फुलं उमलत नाहीत, आतल्या आत बी तयार होतं. म्हणून केना शेंड्याशी तोडून चालत नाही, बुडासकट उपटावा लागतो आणि खोडाचे तुकडे लॉनवर टाकू नयेत. प्रत्येक पेर मूळ धरू शकतं. घोळही तशीच चिवट: उपटून तिथेच टाकली तर तिच्या मांसल पानांतल्या पाण्यावर पुन्हा रुजते. आंबुशीच्या पक्व शेंगा हात लागताच फुटून बी दूर उडवतात, तेव्हा शेंगा धरण्याआधीच तिला काढा. दुधीचा पांढरा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. गाजरगवत फुलावर येण्याआधी आणि हातमोजे घालूनच उपटा, त्याने अनेकांच्या अंगावर पुरळ उठतं. या सगळ्यांसाठी पाऊस पडून गेल्यानंतरचा दिवस सर्वांत चांगला, ओल्या मातीतून मूळ अख्खं निघतं.

क्लोव्हर, म्हणजे तीन-तीन पानांचं ते बुटकं रोप, त्याच्याबद्दल माझं मत वेगळं आहे. दुसऱ्या महायुद्धाआधी अमेरिकेत लॉनच्या बियाण्यात पांढरं क्लोव्हर मुद्दाम मिसळत, कारण ते हवेतला नायट्रोजन मातीत बांधतं. १९४० च्या दशकाच्या मध्याला २,४-डी हे तणनाशक बाजारात आलं. ते रुंद पानांचं सगळंच मारत असल्यामुळे क्लोव्हरही जाऊ लागलं आणि हळूहळू त्याची गणना तणांत झाली. तुमच्या लॉनमध्ये ते आलं असेल, तर मातीत नायट्रोजन कमी आहे इतकंच ते सांगतंय. ठेवलं तरी काही बिघडत नाही. फक्त अनवाणी फिरताना फुलांवरच्या मधमाश्या सांभाळा.

तणनाशक वापरायची वेळ आली तर

दोन गोष्टी आधी ठरवा. तण उगवण्याआधी टाकायचं की नंतर? पेंडिमेथालिनसारखी उगवणीआधीची औषधं रुजणाऱ्या बियाची मुळं वाढू देत नाहीत, उभ्या तणाला ती काही करत नाहीत. ती पाण्याने मातीत मुरवावी लागतात आणि नंतर काही महिने तिथे लॉनचं बीही रुजत नाही. उगवणीनंतरच्या औषधांत २,४-डी रुंद पानांच्या तणांना मारतं आणि गवताला सहसा धक्का लावत नाही. ग्लायफोसेट मात्र समोर येईल ते सगळं हिरवं मारतं, म्हणून लॉनमध्ये ते लावायचंच झालं तर ब्रशने, एकेका तणाच्या पानावर.

फवारणी वारा पडलेला असताना करा. २,४-डीचे उडालेले तुषार शेजारच्या टोमॅटोची आणि वेलांची पानं वाकडी करतात. तण जोमात वाढत असताना औषध आत भिनतं, पाण्याविना सुकलेल्या तणावर ते वाया जातं. आधी आणि नंतर दोन दिवस कापणी नको. लेबलवर सांगितलेला वेळ जाईपर्यंत आणि फवारा पूर्ण वाळेपर्यंत मुलांना आणि प्राण्यांना तिथे सोडू नका. फवारलेलं गवत कापल्यावर कंपोस्टमध्ये टाकू नका. क्लोपायरॅलिडसारखी काही औषधं कुजल्यानंतरही शिल्लक राहतात आणि त्या खतावर लावलेल्या भाज्यांना मारतात.

व्हिनेगर हे कोवळ्या तणाची पानं जाळतं, मूळ नाही, आणि ज्यावर पडेल ते गवतही जाळतं. मीठ तर कधीच नको, त्याने मातीच बिघडते.

तण किंवा कीड गेल्यावर उरलेली उघडी जागा आठवड्याच्या आत भरा, नाहीतर तिथे पुन्हा तणच येईल. माती खुरप्याने भुसभुशीत करा आणि लॉनच्याच एखाद्या दाट कोपऱ्यातून मुठीएवढे मुळांसकट तुकडे काढून वितभर अंतरावर बसवा, किंवा त्याच जातीचं बी पेरा. इथे मात्र पहिले दोन-तीन आठवडे रोज हलकं पाणी लागतं. नव्या गवताच्या तीन-चार कापण्या होईपर्यंत त्यावर कोणतंही तणनाशक मारू नका. तोवर मधूनच उगवलेलं तण हाताने काढा.